वाराणसीतील वाहनतळाचा प्रश्न : फलकाची भाषा आणि परगावच्या चालकाची जबाबदारी

काशी विश्वनाथ धामाचे १३ डिसेंबर २०२१ रोजी लोकार्पण झाल्यापासून वाराणसीला येणाऱ्या भाविकांची संख्या लक्षणीय वाढली आहे. त्यांत स्वतःचे वाहन घेऊन येणाऱ्या महाराष्ट्रातील कुटुंबांचाही मोठा वाटा आहे. नागपूर, जबलपूर, रीवा या मार्गाने काशीला जाण्याची वाट मराठी माणसाला नवी नाही. देशातील राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये बदलण्यात आले. त्यापूर्वी वाराणसी ते कन्याकुमारी हा संपूर्ण रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणूनच ओळखला जात असे व तो नागपुरातूनच जात असे. आता हा प्रवास पूर्वीपेक्षा सुकर झाला आहे. अडचण सुरू होते ती शहरात शिरल्यानंतर.

एमएच क्रमांकाची मोटार वाराणसीच्या एखाद्या रस्त्यावर उभी केली जाते, दर्शन घेऊन परतल्यावर तिच्या चाकाला जॅमर लावलेला आढळतो किंवा गावी पोहोचल्यानंतर ई-चलनाचा संदेश येतो. चालकाचे म्हणणे असते की, फलक दिसला नाही. पोलिसांचे म्हणणे असते की, नियम स्पष्ट आहे. कायद्याच्या दृष्टीने पाहता या दोन्ही विधानांत तथ्य असू शकते. दंड करण्याचा अधिकार आणि नियम वाचता येईल अशा रीतीने सांगण्याचे कर्तव्य या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत. वाराणसीत त्यांतील दुसरी बाजू अधिक अवघड आहे.

अरुंद शहर, रुंद रस्ते

नोव्हेंबर २०१८ मध्ये रिंग रोडचा पहिला टप्पा आणि बाबतपूर विमानतळाकडून येणारा चौपदरी रस्ता वाहतुकीस खुला झाला. त्यामुळे बाहेरची वाहने शहराच्या वेशीपर्यंत जलद पोहोचू लागली. मात्र गंगेच्या काठावरील जुने शहर गल्ल्यांचेच आहे आणि त्याचे रुंदीकरण करण्यास मर्यादा आहेत. गोदौलिया, चौक व मैदागिन यांना जोडणारा रस्ता विश्वनाथ मंदिराच्या पश्चिमेकडून जातो. भाविक, दुकानदार, शाळकरी मुले आणि सायकल रिक्षा यांचा भार याच रस्त्यावर पडतो. मणिकर्णिका घाटाकडे जाणाऱ्या अंत्ययात्राही याच भागातून जातात. दुरून आणलेले पार्थिव मैदागिन परिसरात वाहनातून उतरवून पुढे खांद्यावरून नेले जाते. अशा ठिकाणी चुकीच्या जागी उभी केलेली एक मोटार केवळ वाहतूक अडवत नाही. ती तिरडीची, रुग्णाची आणि प्रसंगी अग्निशमन दलाची वाट अडवते. येथील नियमांची कठोरता या पार्श्वभूमीवर समजून घ्यावयास हवी.

चिन्हे काय सांगतात?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या पहिल्या अनुसूचीत वाहतूक चिन्हांचे तीन वर्ग आहेत : आदेशात्मक, सावधगिरीची आणि माहितीपर. सर्वसाधारणपणे वर्तुळातील चिन्ह आज्ञा देते, त्रिकोणातील चिन्ह धोक्याची पूर्वसूचना देते आणि चौकोनातील चिन्ह माहिती पुरवते. ही चित्रभाषा लिपीवर अवलंबून नसल्यामुळे सांगलीचा चालक वाराणसीत आणि वाराणसीचा चालक सांगलीत ती सारख्याच सहजतेने वाचू शकतो.

वाहन उभे करण्यासंबंधीच्या दोन चिन्हांत मात्र अनेकांचा गोंधळ होतो. लाल कडा असलेल्या निळ्या वर्तुळावर एकच तिरपी लाल रेघ असेल, तर तेथे वाहन उभे करून ठेवण्यास मनाई असते. त्याच वर्तुळावर परस्परांना छेदणाऱ्या दोन लाल रेघा असतील, तर तेथे थांबण्यासच मनाई असते. घाटाजवळ घरातील वृद्धांना उतरवून देण्यासाठी क्षणभर गाडी थांबवणारा चालक पहिल्या चिन्हाजवळ कदाचित नियमभंग करत नसेल, दुसऱ्याजवळ मात्र तो निश्चितपणे करतो. चिन्हाखालील लहान पट्टीकडेही दुर्लक्ष होते. मनाईची वेळ, अंतर अथवा वाहनाचा प्रकार त्या पट्टीवरच नमूद केलेला असतो. लाल वर्तुळातील आडवी पांढरी पट्टी म्हणजे प्रवेशबंदी होय. पुढचे वाहन आत गेले म्हणून आपणही जावे, हा युक्तिवाद तेथे चालत नाही.

फलक नाही म्हणून परवानगी आहे, असाही समज करून घेऊ नये. रस्त्याच्या वळणावर, चौकाजवळ, पदपथावर, पादचारी मार्गाजवळ, बसथांब्यापाशी, शाळा वा रुग्णालयाच्या प्रवेशद्वारासमोर, तसेच दुसऱ्या उभ्या वाहनाच्या बाजूला लागून वाहन उभे करण्यास १९८९ च्या रस्ते नियमांनीच मनाई केली होती. त्यांची जागा घेणाऱ्या २०१७ च्या विनियमांतही हीच दिशा कायम राहिली. शिवाय अधिनियमाच्या कलम १२२ नुसार धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने वाहन सोडून जाणे हा स्वतंत्र नियमभंग आहे. त्यासाठी फलकाची आवश्यकता नसते. मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन उचलून नेण्याचा किंवा त्याच्या चाकाला जॅमर लावण्याचा अधिकार कलम १२७ ने गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यास दिला आहे आणि वाहन हलवण्याचा खर्च दंडाव्यतिरिक्त मालकाकडून वसूल करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण नियमभंगाचा दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर १,५०० रुपयांपर्यंत वाढवण्यात आला.

प्रशासनाचे कर्तव्य

तथापि हाच कायदा प्रशासनावरही बंधने घालतो. कलम ११६ नुसार चिन्हाचा आकार, रंग व प्रकार अनुसूचीप्रमाणेच असावा लागतो. चिन्ह झाकून टाकणारे किंवा चिन्हासारखे दिसून दिशाभूल करणारे जाहिरात फलक हटवण्याची तरतूदही त्यात आहे. कलम ११७ अन्वये स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करून वाहने कोठे उभी करता येतील, हे निश्चित करता येते. ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या इलेक्ट्रॉनिक देखरेखीच्या नियमांनी आणखी एक अट घातली. ज्या रस्त्यावर कॅमेऱ्याद्वारे कारवाई होणार आहे, तेथे तशी पूर्वसूचना देणारे फलक ठळकपणे लावले पाहिजेत. या नियमांच्या यादीतील शहरांत वाराणसीचा समावेश आहे आणि अनधिकृत जागी वाहन उभे करणे हा कॅमेऱ्याने नोंदवावयाच्या नियमभंगांपैकी एक आहे.

वाराणसीची खरी अडचण येथे दिसून येते. शहरातील स्थायी चिन्हे सर्वांना समजणारी असली, तरी मोठ्या गर्दीच्या दिवशी प्रत्यक्ष अंमल तात्पुरत्या आदेशांचा असतो. महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, देवदीपावली आणि २०२५ च्या प्रयागराज महाकुंभासारखे प्रसंग आले की प्रवेशबंदीची हद्द बदलते, एकेरी मार्ग उलटतात आणि बाहेरच्या वाहनांना दूरच्या तळांवर थांबवले जाते. हे आदेश बहुधा स्थानिक वृत्तपत्रांतून आणि लोखंडी अडथळ्यांना बांधलेल्या हिंदी कापडी फलकांतून जाहीर होतात. देवनागरीमुळे मराठी चालकाला ते निदान वाचता तरी येतात. तमिळनाडू अथवा आंध्र प्रदेशातून आलेल्या चालकाला तेवढाही आधार नसतो. चित्रभाषेचा मूळ हेतू नेमका गरजेच्या दिवशीच मागे पडतो.

मराठी यात्रेकरूंनी आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. उत्तर भारतात पौर्णिमान्त महिने पाळले जात असल्याने तेथील श्रावण महाराष्ट्रातील श्रावणापेक्षा सुमारे पंधरा दिवस आधी सुरू होतो. आपल्या दिनदर्शिकेत आषाढ असल्याचे पाहून गर्दी टाळण्यासाठी निघालेली मोटार काशीत श्रावणी सोमवारच्या बंदोबस्तात सापडू शकते.

वाहनतळ आणि त्यापुढील प्रश्न

शहरात सोयी झालेल्या नाहीत असे नाही. गोदौलिया येथील दुचाकींच्या बहुमजली वाहनतळाचे उद्घाटन जुलै २०२१ मध्ये झाले. बेनियाबाग येथे उद्यानाखाली मोटारींसाठी भूमिगत वाहनतळ उभारण्यात आला आणि तेथून गोदौलिया पायी गाठता येते. रेल्वेस्थानक ते गोदौलिया या रोपवेची पायाभरणी मार्च २०२३ मध्ये झाली. या सर्व योजनांमागील विचार एकच आहे : मोटारीने मंदिराजवळ पोहोचावयाचे नाही, मोटार सोडून मंदिराकडे जावयाचे आहे. म्हणून काशीत जाणाऱ्या चालकाने घाटाजवळ जागा मिळेल काय, हा प्रश्न विचारू नये. आपल्या वाहनाचा प्रवास कोठे संपतो, हे शहरात शिरण्यापूर्वीच ठरवावे. निवासस्थान निवडताना तेथे वाहनतळ आहे काय आणि गर्दीच्या दिवशी तेथवर वाहन सोडले जाते काय, याची दूरध्वनीवरून खात्री करून घेणे हिताचे ठरते.

केवळ वाहनतळ वाढवल्याने प्रश्न सुटेल, असे मानण्यासही आधार नाही. शहरातील जमीन मौल्यवान असून वाहने उभी करण्यासाठी ती देताना याचा विचार झाला पाहिजे, असे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६ मध्येच म्हटले होते. पुण्यात मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या सभेने सशुल्क वाहनतळ धोरण मोजक्या रस्त्यांपुरते मंजूर केले, परंतु विरोधामुळे त्याची अंमलबजावणी रखडली. रस्त्याचा कडेचा भाग हा फुकट मिळालेला हक्क आहे, ही भावना वाराणसीत जेवढी आहे, तेवढीच ती महाराष्ट्रातही आहे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या संदर्भात वाराणसीचा हा अनुभव महाराष्ट्रासाठी महत्त्वाचा आहे. तेथे उत्तर प्रदेश, गुजरात आणि दक्षिणेतील चालक परके असतील व फलक आपले असतील. गर्दीच्या दिवसांचे आदेश केवळ मराठी मजकुरात न लावता मान्य चिन्हांत, बाणांसह आणि महामार्गावर पुरेशा अंतरावर आधीच लावले गेले, तर चालकाला वळण्याची संधी मिळेल. दंडाची पावती शहराच्या मध्यभागी देण्यापेक्षा सूचना शहराच्या वेशीवर देणे अधिक परिणामकारक ठरेल. त्यानंतरही नियम मोडणाऱ्यावर कारवाई झाली, तर त्याबाबत तक्रार करण्यास फारशी जागा उरणार नाही.