देव मन पाहतो, म्हणून सूर नको?

गेल्या नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत महिमागीत चालू असताना वीज गेली. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत वीज जाणे ही नवलाची गोष्ट नव्हे. नवल त्यानंतर घडले. कीबोर्ड मुका झाला आणि त्याच श्वासात आमचा गायकवृंदही मुका झाला. ढोलकी दोनचार मात्रा चाचपडली आणि थांबली. चौदा तरुण-तरुणी मेणबत्त्यांच्या उजेडात एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिली. देवदूतांनी बेथलेहेमच्या माळावर गायिलेले ते गीत शेवटी मी एकट्याने, निव्वळ गद्यात, आटोपते घेतले.

मिस्सेनंतर दाराशी वाडीवरची एक वृद्धा भेटली. मी सवयीप्रमाणे विजेला दोष दिला. ती शांतपणे म्हणाली, "फादर, वीज होती तेव्हा तरी गाण्यात शिरायला वाट कुठे होती?"

हा प्रश्न मी आमच्या वादक-गायकांपुढे ठेवला. एकत्र सराव केव्हा होतो, असेही विचारले. मिस्सेआधी पंधरा मिनिटे, असे उत्तर मिळाले. आणि त्यावर पुस्ती अशी : "फादर, देव मन पाहतो, सूर पाहत नाही."

वाचकहो, धर्मगुरू होऊन मला पंचवीसहून अधिक वर्षे झाली. ज्या ज्या केंद्रात गेलो तेथे हे वाक्य माझ्या आधी येऊन बसलेले आढळले. बेसूर गायला, की देव मन पाहतो. ढोलकी एका लयीत आणि कीबोर्ड दुसऱ्या लयीत गेला, की देव मन पाहतो. सरावाला कोणी आलेच नाही, तरीही देव मनच पाहतो. हे वाक्य आता आमच्या आळसाचे आश्रयदाते संत होऊन बसले आहे. तेव्हा त्याची जन्मपत्रिका एकदा तपासलेली बरी.

हे वचन शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातील आहे. इशायाच्या पुत्रांपैकी राजा कोण हे ठरवताना शमुवेल थोरल्याच्या उंचीवर आणि रूपावर भाळला, तेव्हा देवाने त्याला सावध केले की, माणूस बाहेरचे पाहतो, देव अंतःकरण पाहतो. तेथे वीणेचा वा गायनाचा प्रश्नच नव्हता. परंतु पान उलटण्याची तसदी घेतली, तर त्याच अध्यायात पुढे काय आहे? शौल राजा व्याकूळ झाला, तेव्हा त्याच्या सेवकांनी वीणा वाजवण्यात निपुण असा माणूस शोधण्याचे ठरवले. भाविक माणूस शोधू या, असे ते म्हणाले नाहीत. वाजवता येणारा माणूस शोधू या, असे म्हणाले. आणि जो सापडला तो दावीदच, ज्याचे मन देवाने आधीच पाहिले होते. एकाच अध्यायात, एकाच तरुणाच्या ठायी, निर्मळ मन आणि तयार हात या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. आम्ही मात्र पहिली ओवी पाठ केली आणि दुसरी गाळली.

हाच दावीद पुढे उपासनेची व्यवस्था लावतो, तेव्हा आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांतील गायक-वादकांची गणती होते. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात ती संख्या २८८ अशी दिली आहे आणि ते सारे शिकलेले व प्रवीण होते, असे मुद्दाम नोंदवले आहे. त्यांचे बाराबारांचे २४ गट पडले. पाळी ठरवताना लहान-थोर, गुरू-शिष्य असा भेद न करता चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. म्हणजे तेथे गुरू होते, शिष्य होते, आणि शिकणे चालू होते. पुढे शलमोनाच्या मंदिरार्पणाच्या दिवशी १२० याजक स्वतः कर्णे वाजवत होते. वादक आणि गायक यांचा मिळून एकच ध्वनी झाला, तेव्हा मंदिर मेघाने भरून गेले, असे दुसऱ्या पुस्तकाचा लेखक सांगतो. देवाचे गौरव आणि माणसांचा एकसूर यांची सांगड त्याने घातली आहे, मी नव्हे.

कोणी म्हणेल, हा जुना करार झाला. मग संत ऑगस्टिनकडे जाऊ. तेहतिसाव्या स्तोत्रावर प्रवचन करताना तो आपल्या भाविकांना विचारतो, एखाद्या जाणकार संगीतज्ञापुढे गा असे कोणी सांगितले, तर शिकल्यावाचून तोंड उघडायची तुम्हाला भीती वाटेल. मग देवासारख्या श्रोत्यापुढे गाताना ती भीती कोठे जाते? अर्थात, तो तेथेच थांबत नाही. शब्दांपलीकडे जाणारा हृदयातला जयघोष हेच उत्तम गायन, असे तो पुढे म्हणतो. पण हृदयाकडे तो जातो तो सुराची टिंगल करून नव्हे. आम्ही हृदयाचे नाव घेतो ते सुरापासून सुटका करून घेण्यासाठी.

आता दुसरी तक्रार, आणि ती मला अधिक बोचते. "फादर, ही आदिवासी वस्ती आहे. लोक गरीब, अशिक्षित. त्यांना कुठले कौशल्य?" ही तक्रार करणारे बहुधा आमच्यासारखे, बाहेरून आलेले, शिकलेले लोक असतात. त्यांनी एकदा वारल्यांचा तारपानाच पाहावा. तारपकरी मध्ये असतो, नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते. तो फुंक मोडून चाल बदलतो आणि त्याच क्षणी सगळ्यांची पावले बदलतात. तेथे कोणी अंक मोजत नाही, पण चूकही होत नाही. ठाकरवाडीतला ढोल ऐकावा. शेजारच्या गावातले भजनी मंडळ ऐकावे. दिवसभर भात कापून आलेली माणसे रात्री देवळात पखवाजाला कणीक लावतात, टाळ घेतात आणि सप्ताहाच्या आधी कित्येक रात्री त्याच त्या चाली घोटतात. ही माणसे त्याच मातीची, त्याच गरिबीतली. आमची मुलेही त्यांच्यातलीच. वाडीत ज्याचा ढोल चुकत नाही तो मुलगा आमच्या चर्चमध्ये आल्यावर चुकतो, याचे कारण त्याच्या हातात नाही. आम्ही त्याला कोठे उभे केले आहे, त्यात आहे.

आणि आम्ही त्याला मागच्या रांगेत उभे केले आहे. पुढे कीबोर्ड ठेवला आहे. देणगीदार मिळाला, आम्ही वाद्य आणले, मोठे स्पीकर आणले. वाजवायला शिकवील असा माणूस मात्र आणला नाही. कळ दाबली की आयता ठेका सुरू होतो. त्या ठेक्याला श्वास नाही, म्हणून तो गाणाऱ्याच्या श्वासासाठी थांबत नाही. पट्टी बदलण्याचे बटण मागच्या वेळी कुणी दाबून ठेवले ते ठाऊक नसते, म्हणून गीत सुरू होते ते काळी पाचमध्ये. स्त्रियांचे आवाज ताणून फाटतात आणि पुरुष दुसऱ्या ओळीपासून गप्प होतात. वृद्धेला गाण्यात वाट मिळाली नाही ती अशी. रोमच्या उपासनाविषयक मंडळाने १९५८ साली काढलेल्या संगीतविषयक आदेशात उपासनेमध्ये आपोआप वाजणारी यंत्रे, तबकड्या, ध्वनिफिती यांना स्पष्ट मनाई केली होती. कीबोर्ड स्वतः त्यात मोडत नाही, हे मला मान्य आहे. पण जो वादक कळ दाबून हात बाजूला घेतो, त्याच्या कीबोर्डात आणि तबकडीत फरक तो काय उरला? देवाला अर्पण करायचे ते माणसाचे श्रम. यंत्राचे श्रम कोण कोणाला अर्पण करतो?

कौशल्य हे श्रीमंतांचे लेणे आहे, असेही कोणी समजू नये. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील गावोगावच्या चर्चना जोडून संगीत शिकवणाऱ्या शाळा होत्या. तेथे शेतकऱ्यांची, रेंदेरांची मुले सुरावट वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकली. ती शिस्त पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताला पुरली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) चर्चमध्ये संगीत सांभाळणाऱ्या वडिलांच्या हाताखाली तयार झाले आणि मुंबईत त्यांनी संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'मधील त्यांच्या नावाचे गाणे आमची मुले लग्नात नाचून म्हणतात. त्या नावामागचा लहानपणापासूनचा रियाज त्यांना कोणी सांगत नाही.

आता दोष कोणाचा, ते सांगतो. पहिला दोष माझा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. सेमिनरीमध्ये संगीताच्या शिक्षणाला मोठे महत्त्व द्यावे, गायकवृंद जोपासावेत आणि मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, असे त्यात म्हटले आहे. मी सेमिनरीत या कलमांवर परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झालो. त्यानंतर कित्येक वर्षे एकाही सरावाला पूर्ण वेळ बसलो नाही. सणाच्या दिवशी मंडपवाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे बिल मी मुकाट्याने फेडले. कल्याणहून दर आठवड्याला येऊ शकणाऱ्या एका हार्मोनियम शिक्षकाच्या एस.टी. भाड्याला मात्र 'पाहू' म्हटले. तो येईनासा झाला. जो धर्मगुरू प्रवचनाची तयारी करीत नाही, त्याला लोक नावे ठेवतात. जो गायकवृंदाची तयारी करवून घेत नाही, त्यालाही ठेवायला हवीत.

दुसरा दोष वादकमित्रांचा. तुम्ही आपापले वाद्य घरी वाजवता, त्याला सराव म्हणता. तो सराव अर्धाच. एकत्र वाजवणे म्हणजे दुसऱ्याचे ऐकणे, आणि ऐकण्यासाठी स्वतः थोडे थांबणे. आमच्याकडे ढोलकीला वाटते कीबोर्ड मोठा, कीबोर्डला वाटते ढोलकी मोठी, आणि दोघे मिळून शब्द बुडवतात. १९६७ सालच्या पवित्र संगीतविषयक सूचनापत्रात सांगितले आहे की, वाद्यांनी आवाजांना आधार द्यावा, शब्द ऐकू येणार नाहीत इतके त्यांवर चढू नये. आणि वादकाला वाद्य तर आले पाहिजेच, शिवाय उपासनेचा आत्माही कळला पाहिजे. ही दोन्ही ओझी एकाच खांद्यावर आहेत. म्हणूनच मी मैफलीची वकिली करीत नाही. सणापुरता शहरातून बँड आणून वेदीजवळ कार्यक्रम करणे हे आळसाचेच श्रीमंत रूप आहे. चर्चमधील वादकाच्या कौशल्याची कसोटी एकच : तो वाजवू लागला की लोकांची तोंडे उघडतात, की मिटतात?

नुसते बोलून काय उपयोग? आमच्या भागात काय जमेल, ते लिहितो. आमच्या अनेक कातकरी व ठाकर कुटुंबांचे वर्ष दोन तुकड्यांत विभागलेले असते. दिवाळीनंतर ती भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. तेव्हा शहरी चर्चचे वेळापत्रक येथे लावणे हा मूर्खपणा आहे. आमचा खरा सरावकाळ पावसाळा. लावणी आटोपली की कापणीपर्यंत मिळणाऱ्या दिवसांत आठवड्याची एक संध्याकाळ ठरवावी आणि ती मोडू नये. पन्नास गीते अर्धवट येण्यापेक्षा आठ गीते पक्की यावीत. भट्टीवर जाणारे कुटुंब ती आठ बरोबर घेऊन जाईल.

सरावात पहिला अर्धा तास वाद्ये बंद ठेवावीत. आधी शब्द वाचावेत, अर्थ सांगावा, मग हाताने ताल धरून गावे. वाडीतल्या आजीला सहज जमेल ती पट्टी निवडावी आणि ती गीताच्या वहीत लिहून ठेवावी. त्यानंतर हार्मोनियम, मग तिच्या सुराला ढोलकी लावावी. पावसाळ्यात चामडे सैल पडते, तेव्हा हे प्रत्येक वेळी करावे लागते. पहिल्या दिवशी लावलेली ढोलकी नाताळपर्यंत पुरत नाही. कीबोर्ड सर्वांत शेवटी, आयत्या ठेक्याविना. उठवायचे कोणी आणि थांबवायचे कोणी, हे एकाच माणसाकडे असावे आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहावे, तारपकऱ्याकडे पाहतात तसे. मिस्सेआधीची पंधरा मिनिटे सरावासाठी नव्हेत. ती सूर लावण्यासाठी आणि मग गप्प बसून प्रार्थना करण्यासाठी. आणि धर्मगुरूने त्या संध्याकाळी तेथे बसावे. त्याला गाता आले नाही तरी चालेल. त्याचे बसणे पुष्कळ बोलते.

गुरुवारची संध्याकाळ आम्ही ठरवली आहे. सुरुवातीला चौदांतले सहा आले. वाडीतला तो ढोलवाला मुलगा मात्र पहिल्या दिवसापासून येतो. हार्मोनियमवाल्या मास्तरांची मी स्वतः जाऊन क्षमा मागितली आणि त्यांचे भाडे आता धर्मग्रामाच्या हिशोबात लिहिले जाते. त्या वृद्धेलाही मी सरावाला बोलावले आहे. पट्टी उंच झाली की ती मान हलवते, आणि आम्ही अर्धा सूर खाली येतो.

देव मन पाहतो, हे सोळा आणे खरे. म्हणूनच मला भीती वाटते. जो माणूस मालकाच्या लग्नात वाजवण्यासाठी महिनाभर हात घासतो आणि देवासाठी पंधरा मिनिटे देतो, त्याचे मन देवाला दिसत नसेल, असे का आपल्याला वाटते?