चौक कुणाचा?



गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या गावचे ग्रंथालय रविवारी बंद ठेवणार असे कळले. सिटी कौन्सिलला द्यायच्या निवेदनावर सह्या गोळा करायला आम्ही चार पालक शॉपिंग सेंटरच्या चौकात टेबल मांडून उभे राहिलो. कारंजे, बाके, खेळणारी मुले, भारतातून आलेले आजी-आजोबा. आमच्याकडे माणसे भेटतात ती इथेच. दहा मिनिटांत सिक्युरिटी गार्ड हजर. ही खाजगी जागा आहे म्हणाला. मॅनेजरने नियम दाखवले: दोन आठवडे आधी अर्ज, दहा लाख डॉलरचा विमा, आणि टेबल पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात.

आम्ही मुकाट्याने टेबल मिटले. घरी येऊन वाचायला बसलो, तर हा वाद बे एरियातच, कॅम्बेलच्या प्रूनयार्ड सेंटरमध्ये, शाळकरी मुलांनी लढून जिंकलेला! युनोच्या एका ठरावाविरुद्ध सह्या घेताना त्यांनाही गार्डने असेच घालवले होते. शॉपिंग सेंटरमध्ये शांतपणे मत मांडण्याचा आणि सह्या घेण्याचा हक्क कॅलिफोर्नियाची राज्यघटना देते, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली दिला. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. देशाच्या घटनेतून मात्र असा हक्क मिळत नाही, हे १९७२ आणि १९७६ च्या निकालांनी ठरवलेले आहे. त्यामुळे बहुतेक राज्यांत मालकाचा शब्द अखेरचा.

मिठाईचे दुकान चालवणारे एक स्नेही म्हणाले, "अहो, माझ्या दारात उभे राहून कोणी गिऱ्हाईक अडवले तर?" मुद्दा रास्त आहे. जागा, वेळ आणि पद्धत यांवर वाजवी नियम घालायची मुभा न्यायालयाने मालकाला दिलेलीच आहे. शिवाय दुकानाचे दार म्हणजे लोकांनी बसावे म्हणून बांधलेला चौक नव्हे, हेही २०१२ च्या निकालात राज्याच्या न्यायालयाने मान्य केले. पण ग्रंथालयासाठी सह्या घेणाऱ्या पालकांनी दहा लाखांचा विमा कुठून आणायचा? असा नियम हक्क नाकारत नाही, फक्त तो वापरू देत नाही.

आपल्याला याचे महत्त्व जास्त. एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांना कॅलिफोर्नियात कौन्सिलसाठी सहसा मत नाही. निवेदनावर सही करायला मात्र नागरिकत्व लागत नाही. कर भरणाऱ्या, मुले इथल्या शाळेत घालणाऱ्या माणसाचा तेवढाच आवाज. तोही पार्किंगच्या कोपऱ्यात ढकलला तर उरले काय?

आम्ही रीतसर अर्ज केला आहे, विम्याची अट काढावी अशा पत्रासह. तोवर एक विनंती. क्लिपबोर्ड घेतलेला माणूस दिसला की आपण नजर चुकवून गाडीकडे पळतो. मीही पळत असे. पुढच्या वेळी दोन मिनिटे थांबा. पटले नाही तर सही करू नका, पण ऐकून तरी घ्या.