त्याला गुणी म्हणू नका

गेल्या महिन्यात डहाणूत एका शोकसभेला गेलो होतो. शाळेतला मित्र वारला होता. आमच्या वर्गातले वीस-बावीस जण जमले होते. फोटोला हार घातला होता, समोर उदबत्ती होती, आणि एकेक जण उठून दोन-दोन मिनिटं बोलत होता. पहिला म्हणाला, तो शांत होता. दुसरा म्हणाला, मनमिळाऊ होता. तिसऱ्यानं त्याला 'गुणी विद्यार्थी' म्हटलं. माझी पाळी आली तेव्हा मीही 'आपण एक चांगला मित्र गमावला' असं काहीतरी बोललो आणि खाली बसलो. घरी येईपर्यंत स्वतःचीच लाज वाटत होती. तिथे जे बोलायला हवं होतं ते इथे लिहितो आहे.

तो शांत नव्हता. गुणी तर मुळीच नव्हता. शाळेच्या हिशेबात तो वाया गेलेला मुलगा होता. त्याच हिशेबवहीतले चांगले शब्द आता, तो मेल्यावर, आपण त्याला उदारपणे वाटत आहोत.

त्याचं नाव लिहीत नाही, कारण घरच्यांना विचारलेलं नाही. तो तलासरीकडच्या एका पाड्यावरचा वारली. शिकायला डहाणूत वसतिगृहात राहायचा. मी डहाणू गावातला, वडील सरकारी कचेरीत. वर्गात आमचे बाक शेजारी होते. त्यानं एकदा खाडीतून जिवंत चिंबोरी आणून सरांच्या टेबलाच्या खणात सोडली. नांग्या गवतानं इतक्या बेतानं बांधल्या होत्या की तास अर्धा झाल्यावर गाठ सुटली. जूनच्या पहिल्या पावसानंतर त्यानं मला रानातली शेवळं कच्चीच खायला दिली. घसा असा खवखवला की मी रडलो. तो पोट धरून हसला, आणि दुसऱ्या दिवशी काकडं घेऊन आमच्या घरी आला. शेवळांची खाज काकडांनी मारायची असते, हे त्यानं माझ्या आईला नीट समजावून सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या घरात शेवळाची भाजी होते.

एका शनिवारी शाळा बुडवून त्यानं आम्हाला गाडीनं घोलवडला नेलं आणि तिथून चालत बारडाच्या डोंगरावर. वर बहारोटच्या गुहा आहेत. संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षं तिथे जपला, अशी त्यांची परंपरा सांगते. ही गोष्ट आम्ही शाळेत कधीतरी ऐकली होती. पण डोंगर चढायची वाट, पाण्याची जागा आणि कुठल्या कपारीत हात घालायचा नाही, हे फक्त त्याला ठाऊक होतं. खाली आल्यावर आम्हा तिघांनाही मार मिळाला. तोपर्यंत तरी मार सारखाच होता.

मग चिकूचं प्रकरण झालं. १९८१ साल, नववीचा वर्ग. बाहेरच्या वाचकाला चिकूची चोरी क्षुल्लक वाटेल. पण तोडला आणि खाल्ला, असं हे फळ नाही. कच्च्या चिकूत चीक असतो, ओठ चिकटतात. सालीवर नखानं हलकं खरवडायचं. खाली हिरवं दिसलं तर फळ राहू द्यायचं, पिवळसर दिसलं तर काढायचं आणि पेंढ्यात चार-पाच दिवस दडवायचं. हे सगळं त्यानं आम्हाला शिकवलं. आम्ही म्हणजे मी आणि एका व्यापाऱ्याचा मुलगा. वाडीत शिरायची कल्पना मात्र माझी होती.

राखणदारानं तिघांनाही पकडलं. दुसऱ्या दिवशी कार्यालयात उभं केलं. व्यापाऱ्याच्या मुलाबद्दल 'वयच आहे' असं म्हणून हसण्यावारी नेलं. मला 'चांगल्या घरातला असून कुणाच्या नादाला लागलास' असं विचारलं. त्याच्याबद्दल जे म्हटलं गेलं त्यात 'रक्तातच असतं यांच्या' हे शब्द होते. कल्पना कुणाची, असं मला थेट विचारलं गेलं. मी खाली बघत राहिलो. त्यानंही माझं नाव सांगितलं नाही. आठवड्याभरात त्याचं वसतिगृह सुटलं, आणि वसतिगृह सुटलं म्हणजे शाळाही सुटली.

एकच झाड, एकच पिशवी, तीच दुपार. तरी एकाचा तो खोडकरपणा झाला, दुसऱ्याची ती संगत झाली आणि तिसऱ्याची चोरी झाली. आपल्याकडे कृत्याचं नाव करणाऱ्याचा पत्ता बघून ठरतं. अवखळपणा हा बालपणाचा सुंदर गुण आहे, असं मराठी लेखकांनी पिढ्यान् पिढ्या लिहिलं आणि आपण डोळे पुसत वाचलं. पण ज्याच्या मागे कुणाचा तरी बाप उभा आहे, त्याच्याच अवखळपणाबद्दल हे लिहिलेलं असतं. पाड्यावरच्या मुलाला ही सवलत नसते.

ही सवय आमच्या शाळेनं लावलेली नाही, तिच्याहून ती फार जुनी आहे. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरीला हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. फुकट राबायला नकार देणारा माणूस जमीनदाराच्या तोंडी माजलेला ठरतो, गुंड ठरतो. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आम्ही १९८१ साली त्याच मुलुखातल्या शाळेत होतो, आणि त्या उठावाबद्दल वर्गात एक शब्दही ऐकला नाही. माझ्या मित्राला मात्र तो ठाऊक होता. त्याचा आजोबा झरीला गेला होता. हे त्यानं मला शाळा सुटल्यानंतर खूप वर्षांनी सांगितलं. शाळेत कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरी शाळा शक्य नव्हती, असंही नाही. ती काही मैलांवर होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही, शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शंख, खडे, पानं वापरली. म्हणजे माझ्या मित्राच्या खिशात रोज जे सापडायचं आणि आमचे सर जे खिडकीबाहेर फेकायचे, तेच कोसबाडला शिकवण्याचं साधन होतं. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. अनुताई १९९२ पर्यंत हयात होत्या, म्हणजे आमच्या सगळ्या शालेय वर्षांत त्या त्या टेकडीवर काम करत होत्या. आपण त्यांचा सत्कार केला, पण त्यांचं म्हणणं आपल्या वर्गात येऊ दिलं नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की रानातली माहिती म्हणजे शिक्षण नव्हे, उगाच भाबडेपणा करू नका. मान्य. मलाही शाळा हवीच आहे. पण त्यालाही ती हवी होती, हे आपण विसरतो. त्याला भूमिती आवडायची, नकाशे तर वेड लागल्यासारखे आवडायचे. शाळा सुटल्यावर तो आमच्याकडच्या शेकडो आदिवासी तरुणांसारखा गुजरातच्या बंदरांवर मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून गेला. ओख्याच्या पुढे, पाकिस्तानची गस्ती बोट कधी येऊन धरून नेईल याचा भरवसा नाही अशा पाण्यात त्यानं वीस हंगाम काढले. बोटीवर जीपीएस आलं तेव्हा ते आधी तोच शिकला. दहावी झाला असता तर कुठे पोहोचला असता, हा प्रश्न शोकसभेत कुणीच काढला नाही. काढला असता तर तो आमच्यापर्यंत येऊन थांबला असता.

दुसरा आक्षेप असा, की आता काळ बदलला आहे. खरं आहे, वारली चित्रं आता साड्यांवर, चहाच्या कपांवर, सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर आहेत. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. लहानपणी आई गेल्यावर ते काही वर्षं बोलेनासे झाले होते आणि धुळीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगायचे, असं सांगतात. असा मुलगा आमच्या वर्गात आला असता तर त्याच्या प्रगतिपुस्तकात काय शेरा पडला असता, ते मी छातीठोकपणे सांगू शकतो. ज्या वर्गात मूल अजूनही घरची बोली बोललं की हसू पिकतं, तिथे भिंतीवरचं तारपा नृत्य नुसती सजावट आहे.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलतच नाही. त्याला शांत आणि गुणी म्हणणं हेच त्याच्याबद्दल वाईट बोलणं आहे. त्यातून असं निघतं, की होता तसा तो आठवण्यालायक नव्हता. आणि दुसरंही एक निघतं. तो इतका गुणी होता तर त्याला काढलं कुणी, हा प्रश्न गायब होतो. आपली सुटका होते.

काही वर्षांपूर्वी तो मला तलासरी नाक्यावर भेटला. चहा घेतला. मी चाळीस वर्षं अडकलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं, तर त्यानंच हसत विचारलं, "अरे, ते पेंढ्यातले चिकू पिकले का रे शेवटी?" मीही हसलो, आणि वाक्य पुन्हा राहिलं. त्यानं मला माफ केलं होतं की टाळलं होतं, हे आता कळायचं नाही.

आमच्या वर्गाचा पुढचा मेळावा दिवाळीनंतर आहे. तिथे त्याचा फोटो असेल, 'शांत' आणि 'गुणी' हे शब्दही असतील. या वेळी मी उभा राहून चिंबोरीबद्दल सांगणार आहे, शेवळांबद्दल सांगणार आहे. मग सांगणार आहे की चिकू आम्ही तिघांनी तोडले होते, आणि कल्पना माझी होती.