वैराग्य की विषाद?

पेढीवरची गादी सोडून दादा घरी बसू लागले, तेव्हा कुणालाच वावगे वाटले नाही. पंधरा वर्षांचा मधुमेह, मागील साली झालेली हृदयाची शस्त्रक्रिया आणि वय पासष्टीच्या घरात. व्यापार मुलाने सांभाळलेलाच होता. हळूहळू त्यांनी रोजमेळ पाहणे सोडले, लग्नकार्याला जाणे सोडले, भोजनही वारंवार नको म्हणू लागले. ‘दादा आता विरक्त झाले,’ असे घरात कौतुकाने म्हटले जाऊ लागले. चातुर्मासात त्यांनी लागोपाठ उपवास केले, तेव्हा सर्वांनी अनुमोदनाच केली. सुनेच्या मात्र वेगळेच ध्यानी आले. दादा देवदर्शनालाही जाईनासे झाले होते. स्वाध्यायाचा ग्रंथ पुढ्यात असे, पण पान उलटत नसे. पहाटे तीनला ते अंथरुणावर नुसते बसून असत. एके दिवशी ते म्हणाले, ‘माझ्या औषधांवर एवढा खर्च कशाला करता?’

हे चित्र कोण्या एका घराचे नाही. दीर्घ आजार आणि विषाद, म्हणजे ज्याला वैद्यकात डिप्रेशन म्हणतात तो, हे पुष्कळदा जोडीने येतात. मधुमेह असलेल्यांमध्ये विषादाचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांपैकी साधारण पाचांतील एकाला तो गाठतो. हे नाते दुहेरी आहे. आजाराने मन खचते, आणि मन खचलेला माणूस औषध चुकवतो, फिरणे सोडतो, पथ्य मोडतो. त्यामुळे साखर व रक्तदाब वाढतात आणि आजार अधिक बळावतो.

जैन घरात हा विषाद ओळखणे अधिक कठीण जाते, कारण त्याची लक्षणे धर्माच्या वेशात येतात. भूक मंदावली की तप वाटते, बोलणे कमी झाले की मौन वाटते, आवड संपली की वैराग्य वाटते. परंतु वैराग्यात प्रसन्नता असते. विरक्त मनुष्य संसारातून निघतो तो धर्माकडे वळण्यासाठी. विषादग्रस्ताला संसारही नको असतो आणि सामायिकही. मरणाची इच्छा तर आपल्या शास्त्राने सल्लेखनेतही अतिचार मानली आहे. तेव्हा ‘आता उचलले तर बरे’ हे उद्गार विरक्तीचे समजून सोडून देण्याजोगे नव्हेत.

दुसरी चूक उपदेशाची. ‘असातावेदनीयाचा उदय आहे, समता ठेवा, आर्तध्यान करू नका,’ असे रुग्णास सांगितले जाते. वचन खरे असले तरी ते अशा वेळी ऐकणाऱ्याला आपण धर्मातही उणे पडलो असेच वाटते, आणि तो आपले दुःख अधिकच लपवतो. साखर वाढली म्हणून कुणी कुणाला समतेचा उपदेश करत नाही, औषध देतो. विषादालाही तोच न्याय हवा.

ओळखण्याची रीत सोपी आहे. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास किंवा निराश होते काय? नेहमीच्या गोष्टींतील रस नाहीसा झाला काय? यांपैकी एकाचे उत्तर जरी ‘होय’ आले, तरी डॉक्टरांना सांगावे. थायरॉइड आणि बी-१२ या तपासण्याही करून घ्याव्यात. शाकाहारात बी-१२ कमी मिळते, मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ते आणखी घटू शकते, आणि त्याच्या अभावीही मन मलूल होते. मधुमेहाचे औषध चालू असता उपवास करायचा तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. साखर एकाएकी उतरणे जिवावर बेतू शकते.

उपचारांनी गुण येतो. भारतातील चार मधुमेह चिकित्सालयांत ४०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मन व शरीर यांची काळजी एकत्र घेतली गेली. नियमित विचारपूस करणारा एक साहाय्यक रुग्णाशी जोडलेला होता. दोन वर्षांनी त्या गटातील शंभरांपैकी सुमारे ७२ जणांत विषाद निम्म्याने उतरला आणि साखर, रक्तदाब वा कोलेस्टेरॉल यांपैकी काहीतरी सुधारले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ५७ होते.

नियमित विचारपूस करणारे माणूस प्रत्येक घरात असते. सहा अभ्यंतर तपांत वैयावृत्त्याची गणना आहे, आणि ज्यांची सेवा करावी त्यांत ‘ग्लान’, म्हणजे रुग्ण, स्पष्ट सांगितला आहे. ते विधान साधूंसंबंधी असले, तरी श्रावकाच्या घरालाही त्यातून दिशा मिळते. रोज दादांजवळ अर्धा तास बसावे, त्यांच्याबरोबर फिरायला जावे, डॉक्टरांकडे सोबत जावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले, तर त्यांना एकटे सोडू नये व त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस निःशुल्क चालू असतो. घरात उपवासाची अनुमोदना जितक्या आनंदाने होते, तितक्याच सहजतेने ‘दादा, मन कसे आहे?’ हेही विचारले जावे.