आकडा आला कुठून?

पदवीचे निकाल लागले की नागपुरातल्या घराघरांतून सध्या एकच शब्द कानी पडतो : डेटा ॲनालिसिस. महाल असो की धरमपेठ, मुलगा बी.कॉम. असो की मुलगी बी.एस्सी., सहा महिन्यांचा क्लास लावायचा, एक्सेल, एसक्यूएल, पायथन शिकायचे आणि मिहान, पुणे नाहीतर बंगळूर गाठायचे, असा बेत ठरतो. बेत वाईट नाही. पण फी भरण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की ही या धंद्याची बाराखडी आहे, आणि बाराखडी आता यंत्रही गिरवू लागले आहे.

बँकेच्या नोकरीत माझे आयुष्य आकड्यांतच गेले. ग्रामीण शाखांत मार्चअखेर पीककर्जाची वसुली एकाएकी वाढते. नुसता तक्ता पाहणारा म्हणेल, शेतकऱ्याला बरे दिवस आले. गावातला माणूस मात्र हसेल. त्याला ‘नवे-जुने’ ठाऊक असते. सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे आणून जुने कर्ज फेडायचे आणि लगेच नवे उचलून सावकाराला चुकते करायचे. आकडा खोटा नसतो, अर्थ उलटा असतो.

विदर्भाला हे नवे नाही. आपल्याकडच्या ‘अनुशेषा’चा हिशेब अशाच मांडणीवर उभा आहे. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ साली सिंचन, रस्ते, शिक्षण अशा एकेका क्षेत्रात जिल्ह्यांची राज्याच्या सरासरीशी तुलना केली. जेवढी तूट, तेवढा अनुशेष. एकूण सुमारे ३,१८६ कोटी रुपयांपैकी विदर्भाचा निघाला सुमारे १,२४६ कोटींचा. मोजपट्टी जिल्ह्याची होती, म्हणून उर्वरित महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांचाही अनुशेष निघाला. विभागाची मोजपट्टी घेतली असती, तर चित्र वेगळे दिसले असते. मोजपट्टी निवडणे हेच खरे विश्लेषण.

म्हणून मुलांनो, प्रमाणपत्रे गोळा करण्याआधी एक काम करा. केंद्र सरकारच्या २०१७ पासूनच्या श्रमबल सर्वेक्षणाची मूळ आकडेवारी विनामूल्य मिळते. ती घ्या आणि आधी तिची प्रश्नावली वाचा. घरच्या शेतात बिनपगारी राबणारी बाई तिथे रोजगारात धरतात, नुसते घर सांभाळणारी धरत नाहीत. एवढे कळले तरी ‘महिलांचा रोजगार वाढला’ ही बातमी तुम्ही निराळ्या डोळ्यांनी वाचाल. असा एक प्रश्न तडीस नेऊन चार पानांत मांडलात, तर मुलाखतीत बोलायला काही हाती असेल. पदवीला संख्याशास्त्र असेल, तर भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षाही आहेच.

नोकरीची पहिली वर्षे बहुधा तक्ते निवडण्या-पाखडण्यात जातील. कंटाळू नका. रिकामा रकाना दिसला, तर त्यात घाईने शून्य भरू नका. तिथे खरेच काही नव्हते, की कोणी विचारलेच नाही, हे आधी शोधा.