तुंगनाथाच्या वर
उत्तराखंडात तुंगनाथाचं दर्शन घेऊन अनेक यात्रेकरू मागे फिरतात. डोंगराचं खरं वैभव तिथून पुढे आहे. चोपत्यापासून देवळापर्यंत फरसबंद वाट, पण वर चंद्रशिलेपर्यंतचा जेमतेम दीड किलोमीटर म्हणजे छातीवरचा चढ. बुरांशाची झाडं खालीच संपतात, उरतात गवताळ बुग्याल आणि खडक. कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) दुपटीहून अधिक उंचीवर हवा विरळ होते, तेव्हा सह्याद्रीत तयार झालेल्या पायांनीही घाई करू नये. निघावं मात्र पहाटेच, कारण दुपारकडे ढग दाटतात. आकाश निवळलेलं असलं तर ७,१३८ मीटरचा चौखंबा समोर, पूर्वेकडे त्रिशूळ नि नंदादेवी! उतरताना बुग्यालावरून आडवाट धरू नये. तुडवलेलं गवत सावकाश वाढतं आणि उघडी माती पावसात वाहून जाते.