दुसऱ्याची जाहिरात बघणं म्हणजे हेरगिरी नव्हे

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या घरात 9 हजार रुपयांवरून भांडण झालं, आणि चूक माझी होती.

बेगम नांदेडला देगलूर नाक्याजवळ उर्दू माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या मुलींचा गणित-विज्ञानाचा क्लास घेते. दोन खोल्या, एक फळा. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नं शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई आहे, म्हणून शिकवणं, फी, हिशेब सगळं तिचं. माझ्याकडे पत्रकं छापून आणणं आणि क्लासचं फेसबुक पेज, एवढंच. तर त्या वर्षी मुली 40 वरून 26 वर आल्या. मी घाबरलो आणि एका डिजिटल मार्केटिंगवाल्या पोराला 9 हजार देऊन इतर क्लासेसच्या जाहिरातींचा ‘रिपोर्ट’ मागवला. आठ दिवसांनी 22 पानांचं पीडीएफ आलं. दुसऱ्यांच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट, खाली तारखा. बेगमनं पानं उलटली आणि म्हणाली, “ये तो हमकू भी दिखता था ना?”

दिसत होतं. फुकट दिसत होतं. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची ‘मेटा अ‍ॅड लायब्ररी’ सगळ्यांना उघडी आहे, त्यासाठी खातंसुद्धा लागत नाही. देश भारत निवडायचा, ‘सगळ्या जाहिराती’ निवडायचं, क्लासच्या पेजचं नाव टाकायचं. त्या क्लासच्या आज चालू असलेल्या सगळ्या जाहिराती समोर येतात, कोणती कधी सुरू झाली त्या तारखेसकट. गूगलनंही 2023 मध्ये असंच एक ‘अ‍ॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर’ सुरू केलं. तिथं वेबसाइटचा पत्ता टाकला तरी चालतो. हे दहा मिनिटांचं काम मी 9 हजारांना विकत घेतलं.

मी हे चार लोकांत सांगितलं तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, “सर, ये तो तजस्सुस हुआ.” दुसऱ्याच्या भानगडी शोधू नका हा कुरआनचा हुकूम मलाही माहीत आहे, आणि त्याचा मी आदर करतो. पण तजस्सुस म्हणजे झाकलेलं उघडं करणं. ज्या माणसानं पैसे मोजून आपली गोष्ट अख्ख्या शहराला दाखवायला काढली, ती बघणं तजस्सुस कसं? पैगंबरांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल शोधला होता, ही हदीस आपण दर वर्षी ऐकतो. मग आपण ढिगाकडे नुसतं बघायलाही लाजायचं? खरं तजस्सुस आपल्याच बाजारात चालतं आणि तेव्हा कुणी बोलत नाही. दुसऱ्याच्या क्लासमध्ये खोटी अ‍ॅडमिशन करून नोट्स आणणं, त्यांच्या मुलींचे फोन नंबर काढणं, त्यांची जाहिरात मुद्दाम दाबत बसून त्यांचे पैसे उडवणं. यातलं शेवटचं काम तर मला हसत हसत, हुशारी म्हणून सांगण्यात आलं.

धर्माच्या आडून बोलणाऱ्यांपेक्षा माझं जास्त भांडण आहे ते रडणाऱ्यांशी. “मोठ्यांकडे पैसा आहे, आपल्याला कोण विचारतं?” हे वाक्य इतवाऱ्यातल्या प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. मीही तेच म्हणत होतो. मग मी सहा आठवडे दर जुम्याच्या संध्याकाळी वही घेऊन बसलो आणि पाच क्लासेसच्या जाहिराती उतरवून काढल्या. कोणती नवीन आली, कोणती गायब झाली, कोणती तशीच चालू आहे. भारतात दुकानदारीच्या जाहिरातींवर किती खर्च झाला ते मेटा दाखवत नाही, राजकीय जाहिरातींचंच दाखवते. बंद झालेली जाहिरातही निघून जाते, म्हणून वही लागतेच. पण पैसे भरून महिनोन्‌महिने चालू ठेवलेली जाहिरात बहुधा गिऱ्हाईक आणत असते. (कधी मालक बंद करायलाच विसरलेला असतो, तेही धरून चाला.)

सगळ्यात जुनी जाहिरात निघाली ती आमच्यापासून दीड किलोमीटरवरच्या एका क्लासची. त्यात टॉपर नव्हता, एसीचा फोटो नव्हता. मुलींची वेगळी बॅच, संध्याकाळी सहाच्या आत सुट्टी, आईच्या फोनवर हजेरीचा मेसेज. बस्स. आमची बॅच साडेसातला सुटायची. आमच्या 14 मुली पैशानं नेल्या नव्हत्या, अंधारानं नेल्या होत्या. आणि हे आम्हाला त्या मुलींच्या अम्मींनी सांगितलं नाही, कारण आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

हीच वही मी लातूरला बहिणीकडे नेली. भाची अकरावीला, नीटची तयारी, आणि घरात लाखाच्या वर फी भरण्याची बोलणी. लातूर पॅटर्नचं नाव झालं तेव्हा जाहिरात म्हणजे बोर्डाची मेरिट लिस्ट होती, ती क्लासवाला छापत नव्हता. आता ट्युशन एरियात मान वर केली की हसरे चेहरे आणि मार्क. आम्ही लायब्ररीत तीन क्लासेसच्या जाहिराती शेजारी शेजारी लावल्या. एकच मुलगा दोन क्लासेसमध्ये हसत होता! एकात लहान अक्षरांत ‘टेस्ट सिरीज’, दुसऱ्यात काहीच नाही. आणि किती मुलं बसली होती, हे तिन्हींत नाही. मी उर्दूचा मास्तर, पण छेदाशिवाय अपूर्णांक होत नाही एवढं मलाही कळतं.

हे नुसतं गैर नाही, नियमाबाहेर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 13 नोव्हेंबर 2024 ला कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरायला त्याची लेखी संमती हवी, आणि ती निवड झाल्यानंतर घेतलेली हवी. त्यानं कोणता कोर्स, किती दिवस, पैसे भरून की फुकट केला ते सांगायला हवं. त्याआधी यूपीएससीच्या क्लासेसवर दंड झाले, कारण त्यांनी मिरवलेल्यांपैकी अनेकांनी फक्त मुलाखतीचं फुकट मार्गदर्शन घेतलं होतं. फसव्या जाहिरातीला ग्राहक कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. तक्रारीचा फोन 1915. बहिणीनं त्या क्लासला एवढंच विचारलं, “हा मुलगा तुमच्याकडे किती महिने होता?” समोरून उत्तर आलं, “मॅडम, तुम्ही आधी सीट बुक करा.” फी भरली नाही.

आता आमच्यातले काही जण अ‍ॅड लायब्ररी शिकले आणि शिकल्या शिकल्या दुसऱ्याचा मजकूर उचलून आपला लोगो लावायला लागले. माझा राग त्यांच्यावरही आहे. ज्या क्लासची जाहिरात तुम्ही उचलता, त्याची बॅच सहाला सुटते, तुमची आठला. मजकूर चोरता येतो, वेळापत्रक बदलायला कष्ट पडतात.

बेगमनं बॅच चार वाजता आणली. दुपारची तिची झोप गेली. जाहिरात तिनंच लिहिली, उर्दूत तीन ओळी. पाचांपैकी एकाही क्लासची जाहिरात उर्दूत नव्हती, हेही वहीतच सापडलं होतं. सध्या मुली 33.

परवा त्या दीड किलोमीटरवरच्या मॅडम एका लग्नात भेटल्या. बेगमला म्हणाल्या, “बाजी, आपका इश्तिहार तीन मई से चालू है ना?”


“जी,” बेगम म्हणाली, “और आपका पिछले जुमे कू बंद हुआ.”

दोघी एकाच ताटात जेवल्या.